पॉलिथिनची ओळख : गुण, उपयोग आणि घ्यावयाची काळजी

बेणे, लागण, खोडवा, खताचे हप्ते या विषयांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण वेगळा असला तरी परका नाही. पावसात डोक्यावर घेतलेली खोळ, खताच्या पोत्यातले पातळ अस्तर, घरावरची पाण्याची काळी टाकी, उसातली ठिबकची नळी, शेततळ्यात अंथरलेला जाड कागद, औषधाचा पांढरा डबा आणि बाजारातून मीठ-मसाला ज्यात येतो ती पिशवी, या वस्तू दिसायला निरनिराळ्या आहेत. द्रव्य मात्र बहुतेक ठिकाणी एकच आहे, ते म्हणजे पॉलिथिन. कुणी त्याला कागद म्हणतो, कुणी मेणकापड, कुणी नुसतेच प्लॅस्टिक.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, काही खोड आहे का ते विचारतो. मग जी वस्तू बैलाच्या किमतीची घेऊन शेतात अंथरतो, तिची खोड माहीत नको का? आमचे सांगणे थोडक्यात असे की, पॉलिथिनचा जो गुण आपल्या कामाला येतो, तोच गुण जागा चुकली की अंगावर येतो. म्हणून या लेखात एकेक गुण घेऊन त्याचा उपयोग आणि त्याचा धोका शेजारी-शेजारी मांडला आहे.

पॉलिथिन म्हणजे काय?

इथिलिन नावाचा एक वायू आहे. तो आपल्या ओळखीचाच आहे. आंब्याची आढी घातली की फळातून हाच वायू सुटतो आणि फळ पिकते. इथ्रेल हे औषध फवारले की त्यातूनही हाच वायू बाहेर पडतो. या वायूच्या एका कणात कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात.

आता उसाकडे बघा. कांड्याला कांडे जोडून ऊस होतो. तसे इथिलिनचे एकेक कण एकमेकांना जोडत गेले, हजारो कणांची एक लांब साखळी झाली, की वायूचा घट्ट पदार्थ बनतो. तेच पॉलिथिन. ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ. पुष्कळ इथिलिन म्हणून पॉलिथिन.

या साखळीत फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहे. मेणाची घडण अशीच असते. हाताला पॉलिथिन मेणासारखे गुळगुळीत लागते ते उगीच नव्हे. जुनी माणसे त्याला मेणकापड म्हणतात, त्या नावात बरेच तथ्य आहे.

शोध कसा लागला?

इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात विनिंग्टन येथे आय.सी.आय. या कंपनीची प्रयोगशाळा होती. मार्च १९३३ मध्ये तेथे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे रसायनशास्त्रज्ञ इथिलिन आणि आणखी एक पदार्थ प्रचंड दाबाखाली तापवून बघत होते. त्यांना हवे होते ते झाले नाही. पण भांड्यात पांढरा, मेणचट असा थोडासा पदार्थ मिळाला. तोच प्रयोग पुन्हा करायला गेले तर कधी काहीच मिळेना, तर कधी भांडे फुटायची वेळ येई. १९३५ मध्ये मायकेल पेरिन यांनी तो प्रयोग हमखास जमेल असा बसवला. १९३९ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच वर्षी, कारखान्यातून माल निघू लागला. पहिला मोठा उपयोग झाला तो रडारच्या तारांवर आवरण म्हणून, कारण पॉलिथिनमधून वीज जात नाही आणि पाणीही शिरत नाही.

पुढे १९५३ मध्ये जर्मनीतील कार्ल झीग्लर यांनी वेगळी युक्ती काढली. योग्य उत्प्रेरक घातला, तर प्रचंड दाबाची गरजच राहत नाही आणि माल अधिक टणक निघतो, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना आणि इटलीचे ज्युलिओ नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरात दिसणारे जाड डबे, क्रेट आणि पाइप हे या दुसऱ्या वाटेने आले.

उसाशी नाते

पॉलिथिनचे इथिलिन आज बहुतांशी खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून काढतात. पण ते अल्कोहोलपासूनही निघते. मोलॅसिस आंबवून अल्कोहोल करायचे आणि त्या अल्कोहोलमधले पाणी तापलेल्या उत्प्रेरकावर काढून टाकायचे, की इथिलिन उरते. हिशेबाने १०० किलो अल्कोहोलला जास्तीत जास्त ६० किलोच्या आसपास इथिलिन मिळते, बाकीचे पाणी होऊन जाते. आपल्या देशात १९५९ च्या सुमारास बंगालमधील रिश्रा येथे पॉलिथिन बनू लागले, ते अल्कोहोलच्याच इथिलिनपासून. पुढे तेलशुद्धीचे धंदे वाढले, तेलाचे इथिलिन स्वस्त पडू लागले आणि ही वाट मागे पडली.

ब्राझीलमध्ये मात्र २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून मोठ्या प्रमाणावर पॉलिथिन करतात. सुरुवातीलाच त्या कारखान्याची क्षमता वर्षाला दोन लाख टनांची होती. आपले इथेनॉल आज मुख्यतः पेट्रोलमध्ये मिसळायला जाते; पण उसातून काय काय निघू शकते हे सभासदांना ठाऊक असावे म्हणून हा उल्लेख केला. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. उसापासून केलेले पॉलिथिन कुजते, असा काहींचा समज होतो. तो बरोबर नाही. ऊस असो की तेल, साखळी एकदा तयार झाली की ती तीच. वागणूकही तीच.

जाती आणि ओळख

पॉलिथिनच्या मुख्य तीन जाती आपल्याला लागतात. त्या समजायला मोळीचे उदाहरण घेऊ. डोळे फुटून पांगशा आलेला, वाढे न तोडलेला ऊस बांधला तर मोळी सैल होते. साळून साफ केलेला सरळ ऊस बांधला तर मोळी घट्ट बसते.

१) कमी घनतेचे पॉलिथिन : याच्या साखळीला फांद्या फार, म्हणून मोळी सैल. माल मऊ, लवचिक, पातळ होणारा. पिशव्या, पोत्यातले अस्तर, रोपांच्या पिशव्या.

२) जास्त घनतेचे पॉलिथिन : साखळी सरळ, मोळी घट्ट. माल टणक आणि मजबूत. औषधांचे डबे, तेलाचे कॅन, क्रेट, तुषार सिंचनाचे पाइप. याच्या पट्ट्या विणून वर लेप दिला की ताडपत्री होते.

३) लिनियर कमी घनतेचे पॉलिथिन : साखळी सरळ, पण तिला आखूड आखूड फांद्या. माल मऊ तरीही चिवट, ताणला तरी लवकर न फाटणारा. ठिबकच्या नळ्या आणि काळ्या टाक्या याच्या.

या तिन्ही जाती पाण्यापेक्षा हलक्या आहेत. त्यामुळे ओळखण्याची सोपी खूण अशी : तुकडा कापून, साबणाचे बोट लावून पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथिन किंवा त्याचा चुलतभाऊ पॉलिप्रॉपिलीन. साखरेची व खताची विणलेली पोती बहुधा या पॉलिप्रॉपिलीनची असतात. तुकडा तळाला बसला तर तो बहुधा पी.व्ही.सी. किंवा पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक. ठिबकच्या संचात मेन आणि सबमेन बहुतेक पी.व्ही.सी.च्या असतात आणि पिकातल्या नळ्या पॉलिथिनच्या. जुना माल भंगारात देताना हे दोन वेगळे ठेवा. एकत्र वितळवले तर दोन्ही वाया जातात, आणि म्हणूनच मिसळलेल्या मालाला भाव येत नाही.

गुण पहिला : गंजत नाही, खतआम्लाला दबत नाही

ठिबकच्या नळीतून युरिया, पोटॅश, फॉस्फरिक आम्ल जाते. लोखंडाची नळी असती तर हंगाम-दोन हंगामांत खाऊन गेली असती. पॉलिथिनला यातले काहीच लागत नाही. ड्रिपर क्षारांनी बंद पडले तर आम्लाची प्रक्रिया करता येते, ती याच गुणामुळे. आम्ल वापरताना हातमोजे आणि चष्मा घालावा. आम्ल पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. आणि संचातले लोखंडी व पितळी भाग आम्लाने खराब होतात, तेव्हा प्रक्रियेनंतर भरपूर साधे पाणी सोडावे.

याची दुसरी बाजू अशी की, पॉलिथिन पाण्याला दाद देत नाही, पण तेल, रॉकेल, पेट्रोल आणि तेलात विरघळलेली औषधे त्याच्या भिंतीत हळूहळू मुरतात. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही विसळला तरी भिंतीत मुरलेले विष निघत नाही. त्या डब्यात दूध, पाणी, गोडेतेल, धान्य काही म्हणता काही ठेवू नये. ‘डबा चांगला मजबूत आहे हो, टाकवत नाही,’ असे आम्हाला पुष्कळदा ऐकायला मिळते. डबा मजबूत आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे. वर्षानुवर्षे टिकतो आणि कधीतरी कुणाच्या तरी हाती लागतो. औषध संपले की डबा तीन वेळा विसळावा, विसळलेले पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडून तो निकामी करावा.

गुण दुसरा : उष्णतेने मऊ होते, वितळते

पॉलिथिन तापवले की वितळते, गार केले की पुन्हा घट्ट होते. त्यामुळे जुन्या नळ्या वितळवून पुन्हा नळ्या करता येतात. हा फार मोठा फायदा आहे. पण ते वितळते फार लवकर. मऊ जात ११० अंश सेल्सिअसच्या सुमारास आणि टणक जात १३० अंशांच्या सुमारास. म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा थोडेच वर. म्हणून गरम चहा, भजी, रस्सा पातळ पिशवीत घेऊ नये.

शेतात या गुणाचा फटका बसतो तो तोडणीच्या वेळी. ऊस तुटला की काही मंडळी पाचट पेटवतात. वाळल्या पाचटाच्या जाळापुढे नळी क्षणभरही टिकत नाही. कधी स्वतःच्या रानातून, तर कधी शेजारच्या बांधावरून जाळ येतो आणि ज्या संचाचे कर्ज अजून फिटायचे आहे तो संच सरीत काळा डाग होऊन पडतो. पाचट जाळू नये हे आम्ही जमिनीच्या भल्यासाठी सांगतच असतो. नळी वाचवण्यासाठीही तेच सांगणे आहे. तोडणीचा कार्यक्रम कळला की नळ्या गुंडाळून घ्याव्यात. शेजाऱ्यालाही आपल्या रानात ठिबक आहे, हे आधी सांगून ठेवावे. सरीत राहिलेला नळीचा तुकडा मोळीत गेला तर तो गव्हाणीत येतो आणि पुढे बगॅसबरोबर बॉयलरपर्यंत जातो, तेव्हा तोडकऱ्यांनाही तसे सांगावे.

उष्णतेने पॉलिथिन लांबतेही. १०० मीटर नळी २० अंशांनी तापली, तर फूटभर किंवा थोडी जास्तच लांबते. भर दुपारी ताणून बसवलेली नळी पहाटेच्या गारव्यात आखडते आणि सांध्यातून निसटते. नळी सकाळच्या गारव्यात, थोडी सैल, किंचित नागमोडी टाकावी.

आता कोप्यांविषयी. दसरा-दिवाळीनंतर तोडणी कामगार आपल्या शिवारात येतात. त्यांच्या कोप्यांवर काळा किंवा निळा कागद असतो. त्याखाली तीन दगडांची चूल, शेजारी वाळलेले वाढे, आत झोपलेली लेकरे. पॉलिथिन पेटले की वितळून जळते थेंब खाली गळतात आणि कातडीला चिकटतात. ज्या सभासदांच्या रानाजवळ कोप्या पडतात त्यांनी आणि गटाच्या कर्मचाऱ्यांनी मिळून एवढे बघावे : चूल कोपीबाहेर, वाऱ्याच्या आडबाजूला असावी, दोन कोप्यांत अंतर असावे, पाण्याचे भरलेले पिंप हाताशी असावे, दिवा किंवा मेणबत्ती कागदाखाली टांगू नये. कुणी भाजलेच तर भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. चिकटलेले प्लॅस्टिक ओढून काढू नये. ते काम दवाखान्यात होऊ द्यावे. हे लोक आपला ऊस तोडायला शेकडो मैलांवरून येतात. त्यांची काळजी आपल्या दारी आहे.

गुण तिसरा : पाणी झिरपू देत नाही, आणि गुळगुळीत असते

शेततळ्याच्या अस्तराला साधारणपणे ५०० मायक्रॉन जाडीचा कागद वापरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. मुरमाड रानातही त्यातून पाणी झिरपत नाही. अस्तर टाकण्यापूर्वी खड्ड्यातले टोकदार दगड आणि मुळ्या वेचून काढाव्यात, मऊ मातीचा थर द्यावा, कडा चरात पुरून घ्याव्यात. जनावर आत उतरू देऊ नये. खुराने कागद फाटतो.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. ओल्या पॉलिथिनवर माणसाचा पाय ठरत नाही. उतारावर शेवाळ धरले की तर नाहीच नाही. विहिरीत पडलेल्या माणसाला कपारीला धरता येते, पायरी सापडते. अस्तराच्या तळ्यात हाताला काहीच लागत नाही. पोहणारा गडीसुद्धा काठापर्यंत येतो, घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो आणि थकून बुडतो. काढायला उतरलेला दुसराही त्याच घसरणीवर जातो. महाराष्ट्रात अशा तळ्यांत माणसे गेल्याच्या, त्यातही एकाच घरातली दोन-तीन पोरे गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अस्तराला लाख-दोन लाख घालणाऱ्याने दोराला मागेपुढे बघू नये. चारी बाजूंना, काठावर पक्क्या खुंटाला बांधलेले, हात-हात अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत. जुने टायर दोराला बांधून उतारावर सोडले तर शिडीसारखे काम होते. हवा भरलेली एक ट्यूब काठावर कायम असावी. भोवती कुंपण आणि दाराला कडी असावी. पडलेल्याला काढताना स्वतः उतरू नये. दोर किंवा ट्यूब टाकावी. हे काम एका दिवसाचे आहे. या आठवड्यातच उरकून घ्या.

पातळ पिशवीचा आणखी एक धोका लहान लेकरांना आहे. पिशवी तोंडावर ओढली की ती नाकातोंडाला चिकटते, हवा आत येत नाही आणि लेकराला ती काढता येत नाही. पिशव्या पाळण्याजवळ, गादीखाली ठेवू नयेत.

गुण चौथा : कुजत नाही

पाचट कुजते, शेणखत कुजते, गोणपाटही कुजते. असे का? पाचटातही लांब साखळीच असते, पण त्या साखळीचे सांधे तोडण्याची हत्यारे जमिनीतल्या जिवाणूंकडे आहेत. पॉलिथिनच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो. हे सांधे तोडण्याची युक्ती जिवाणूंना सहजी साधत नाही. म्हणून जमिनीत पुरलेली काळी टाकी किंवा पाइप वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहते.

उन्हापुढे मात्र पॉलिथिन हरते. उन्हातले अतिनील किरण साखळी मध्येमध्ये तोडतात आणि पांढरा कागद एक-दोन उन्हाळ्यांत चुरचुरीत होतो. ठिबकच्या नळीत म्हणूनच दोन-अडीच टक्के बारीक काजळी घालतात. काजळी किरण शोषून घेते आणि नळी टिकते. नळीचा काळा रंग शोभेचा नाही, तो तिचा औषधोपचार आहे. तरीही काढलेल्या नळ्या मोठ्या वेटोळ्यात, न दुमडता, सावलीत टांगाव्यात. खाली ठेवल्या तर उंदीर कुरतडतात.

उन्हाने चुरा झालेले पॉलिथिन म्हणजे कुजलेले पॉलिथिन नव्हे. तुकडे बारीक होतात, पण राहतात जमिनीतच. कलिंगड, मिरची, टोमॅटो यांना २५-३० मायक्रॉनचा मल्चिंग कागद घालतात. पीक संपले की तो काढायला मजूर लागतो, म्हणून काही ठिकाणी त्यावरूनच रोटर फिरवतात. मग कागदाच्या चिंध्या मातीत मिसळतात आणि वेचता येत नाहीत. अशा चिंध्या साठत गेल्या की पाण्याची आणि मुळांची वाट अडते. मल्चिंग करायचे असेल तर पुरेशा जाडीचा कागद घ्यावा. तो एका बाजूने अखंड उचलता येतो. उसाला तर विकतच्या मल्चिंगची गरजच नाही. खोडव्यात एकाआड एक सरीत पाचट ठेवले की ओलही टिकते, तणही दबते आणि वर्षअखेर जमिनीला सेंद्रिय खत मिळते. फुकटचे, कुजणारे आच्छादन आपल्या बांधाच्या आत असताना न कुजणारे विकत आणू नये.

न कुजण्याचा सर्वांत वाईट परिणाम मुक्या जनावरांवर होतो. उरलेले अन्न, भाजीची देठे पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर टाकली जातात. गाईला मिठाचा, अन्नाचा वास येतो. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेने ओढून गाठीसकट गिळते. मोठ्या पोटातून पिशवी पुढे सरकत नाही, रवंथातही बाहेर येत नाही. एकेक पिशवी साठून तिचा गोळा होतो. चारा कमी होतो, दूध आटते, पोट फुगते, जनावर खंगते. औषधाने हा गोळा विरघळत नाही. डॉक्टरांनी पोट उघडून तो काढावा लागतो, आणि तेवढा वेळ नेहमीच मिळतो असे नाही. ज्या गाईच्या दुधावर घरखर्च चालतो ती गाय एका गाठीपायी जाते. म्हणून पिशवीत अन्न बांधून टाकू नये. अन्न वेगळे, पिशवी वेगळी. एवढी एक सवय घरातल्या बायामाणसांनी आणि पुरुषांनीही लावून घेतली तरी गोठा वाचेल.

‘मग जाळून टाकले तर?’ असे विचारतात. जाळू नका. उघड्यावर प्लॅस्टिक नीट जळत नाही, काळा विषारी धूर होतो. त्यात पी.व्ही.सी.चा तुकडा असला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि त्याहून घातक द्रव्ये निघतात. चुलीत पेटवायला पिशवी घालणे तर घरातल्यांच्या छातीशी खेळणे आहे.

कायद्याचे थोडेसे

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून बाजारहाटाच्या प्लॅस्टिक पिशव्या आणि एकदाच वापरून टाकायच्या थाळ्या, पेले वगैरे वस्तूंवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. शेती आणि रोपवाटिकेसाठी लागणारे प्लॅस्टिक त्यातून वगळले. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तू देशभर बंद केल्या आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना मनाई केली. जाडीचा आग्रह का, असे कुणी विचारेल. जाड पिशवी महाग असते, म्हणून ती जपून पुन्हा वापरली जाते. वाऱ्याने उडत नाही. आणि भंगारात तिला किंमत येते. पातळ पिशवी वेचणाऱ्यालाही परवडत नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१) शेततळ्याला चारी बाजूंनी गाठीचे दोर, एक ट्यूब आणि कुंपण असल्याशिवाय पाणी भरू नये.

२) तोडणीपूर्वी ठिबकच्या नळ्या गुंडाळून सावलीत टांगाव्यात. पाचट पेटवू नये.

३) नळी गारव्यात, थोडी सैल टाकावी.

४) औषधाचा डबा तीनदा विसळून, भोक पाडून निकामी करावा. खाण्यापिण्याला कधीही वापरू नये.

५) अन्न पिशवीत बांधून टाकू नये. बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी.

६) मल्चिंगचा कागद रोटर फिरवण्याआधी संपूर्ण काढावा.

७) जुने पॉलिथिन आणि पी.व्ही.सी. वेगळे ठेवून भंगारात द्यावे. पुरू नये, जाळू नये.

८) कोपीतली चूल बाहेर असावी आणि पाण्याचे पिंप जवळ असावे.

सभासद बंधू-भगिनींनो, पॉलिथिन वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. ठिबकची नळी नसती, तर उन्हाळ्यात विहिरीच्या थोड्या पाण्यावर ऊस धरणे किती अवघड झाले असते ते तुम्हीच जाणता. दहा वर्षे चालणारी नळी आणि दहा मिनिटे वापरून टाकलेली पिशवी यांचे द्रव्य एकच आहे. दहा वर्षांची वस्तू जपावी, दहा मिनिटांची शक्य तेवढी टाळावी, आणि दोन्ही निकामी झाल्यावर मातीत किंवा आगीत न घालता भंगारवाल्याच्या हवाली कराव्यात.

शेततळ्याला दोर कसे बांधावेत, नळ्या कशा गुंडाळाव्यात किंवा आम्लप्रक्रिया कशी करावी, याबद्दल शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात विचारावे. आमचे कर्मचारी शेतावर येऊन दाखवतील. तरी सर्व सभासदांनी गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी वरील कामे उरकून घ्यावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी